बँकॉकचे प्रहर

प्रवासकंपन्यांच्या जाहिरातींत ‘चार रात्री, पाच दिवस’ अशी जी शब्दयोजना ठरलेली असते, तिच्यातली कालगणना बिनचूक असली तरी तिला हवामानाची खबर नसते. आणि ज्या शहरात बाराही महिने दुपारचा पारा सरासरीने तीस अंशांच्या पलीकडे जातो, ज्याच्या हवेत समुद्राचा ओलावा सदैव भरून असतो, अशा शहराचा दौरा नुसत्या दिवसांच्या बेरजेवर आखणे हे पाऊस न पाहता पेरणीचा मुहूर्त धरण्यासारखे होते. बँकॉकला जाणाऱ्याने आपले जुने प्रहरांचे गणित बाहेर काढावे. सकाळी सहा ते नऊ हा पहिला प्रहर संपूर्ण त्याचा; दुसऱ्याचा फार तर पूर्वार्ध त्याचा; तिसरा प्रहर सूर्याचा, त्यावर हक्क सांगू नये; चौथ्याची अखेर आणि रात्रीचा पहिला प्रहर मात्र पुन्हा त्याच्या मालकीचे. या हिशेबाने चार दिवसांच्या मुक्कामात उघड्यावर हिंडण्याजोग्या आठ वेळा हाती येतात, आणि येण्याजाण्याच्या विमानांनी गिळलेल्या वजा जाता सहा उरतात. या सहांचे वाटप कसे करावे हाच नियोजनातला खरा प्रश्न आहे.

बँकॉकच्या एप्रिलमधले सरासरी कमाल तापमान ३५ अंशांच्या घरात असते असे ऐकून नागपूर-चंद्रपूरकडचा वाचक हसेल, कारण त्याने ४५ अंशांत लग्नाच्या वराती काढलेल्या असतात. परंतु विदर्भातले ऊन कोरडे असते; तिथे घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो, व जाताना अंगातली उष्णता बरोबर घेऊन जातो. चाओ फ्राया नदीच्या सखल गाळप्रदेशात, सयामच्या आखातापासून हाकेच्या अंतरावर वसलेल्या या शहरात हवा आधीच बाष्पाने तृप्त असल्यामुळे घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीर तापतच राहते. त्यातून उन्हाळ्यात रात्रीचे तापमानही २६-२७ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही, म्हणून थकव्याची बाकी रोजच्या रोज पुढे ओढली जाते व तिसऱ्या दिवशी ती एकदम वसूल होते. मुंबईकराला आणि कोकणच्या माणसाला हा घाम परिचित आहे; त्याच्या ध्यानात येत नाही ती एवढीच गोष्ट, की आपल्या गावी तो भर दुपारी संगमरवरी फरशीवर अनवाणी पायपीट करीत नसतो.

महिन्याची निवड प्रत्येकाच्या हाती असते असे नाही. आपल्याकडे ती बहुधा शाळेच्या वेळापत्रकाच्या हाती असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला शीतकाळ, म्हणजे दुपारी ३२ अंशांच्या आसपास आणि पहाटे वीस-बावीस. आणि यातही जानेवारी-फेब्रुवारीत धुरकट हवेचा जाच होऊ शकतो हे दम्याच्या माणसाने लक्षात ठेवावे. दिवाळीची सुट्टी पावसाच्या शेपटावर येते व ती वाईट नसते. शिवाय आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तिकडे लॉय क्रथोंगचा सण असतो, त्या रात्री केळीच्या सोपाचे व पानांचे द्रोण करून त्यांत दिवा, उदबत्ती आणि फुले ठेवून ते नदीत सोडतात. त्रिपुरी पौर्णिमेचे दीप पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्याने मात्र मनाची तयारी करून जावे. बँकॉक हे पावणेचौदा उत्तर अक्षांशावर असल्यामुळे एप्रिलच्या अखेरीसच सूर्य तिथे डोक्यावर येतो आणि माध्यान्ही उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गडप होते. मुंबईला हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. या हंगामाची भरपाई एकच, आणि ती आंब्याची. ‘नाम दोक माय’ जातीचा लांबट पिवळा आंबा, शेजारी नारळाच्या गोड दुधात मुरवलेला चिकट भात, असे पान समोर आले की हापूसचा अभिमानी कोकणी माणूस सुद्धा वाद घालण्याचे काही काळ तहकूब करतो. पावसाळ्याची धास्ती महाराष्ट्रातल्या माणसाने घेऊ नये. सप्टेंबर हा तिथला सर्वांत ओला महिना, पण मुंबईच्या जुलैपुढे तो पाऊस अर्ध्यालाही पुरत नाही. तो बहुधा दुपारनंतर तास-दोन तास कोसळतो, रस्ते तुंबवतो आणि निघून जातो.

मुक्काम कोठे करावा याविषयी माझे मत पक्के आहे. स्वस्त खोलीच्या मोहाने रेल्वे-स्थानकापासून दीड मैल आत गेलेला प्रवासी वाचवलेले पैसे टॅक्सीला देतो आणि वर दोन्ही वेळा कोंडीत बसून राहतो. या शहरात १९९९ पासून खांबांवरून धावणारी ‘बीटीएस’ आणि २००४ पासून भुयारी ‘एमआरटी’ अशा दोन रेल्वेव्यवस्था आहेत, आणि या दोहोंपेक्षा जुनी, स्वस्त व रम्य अशी तिसरी व्यवस्था म्हणजे चाओ फ्राया नदीवरच्या प्रवासी नौका. रेल्वे आणि नदी जिथे एकमेकींना भेटतात ते सफान ताकसिन हे स्थानक. त्याच्या जिन्याखालीच साथोनचा धक्का आहे. या परिसरात उतरलेला माणूस नारिंगी झेंड्याच्या नौकेत बसून, वारा खात, एकाही सिग्नलवर न थांबता जुन्या राजनगरीच्या दाराशी जातो. ते न जमल्यास भुयारी रेल्वेच्या निळ्या मार्गावरचे कोणतेही ठिकाण चालेल, कारण २०१९ साली तिचे सनाम चाय हे स्थानक थेट जुन्या नगरीत, वाट फो मंदिराच्या पाठीशी उघडले आणि राजवाड्याकडे जाण्याचा पूर्वीचा बराचसा द्राविडी प्राणायाम संपला.

मुंबईहून विमान सव्वाचार तासांच्या आसपास घेते आणि तिथले घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते. रात्री निघणारा प्रवासी पहाटे उतरतो, त्याची झोप झालेली नसते आणि खोली दुपारी दोनपूर्वी मिळत नाही. अशा माणसाने पहिल्याच सकाळी राजवाड्याच्या रांगेत उभे राहू नये. सामान पांथशाळेच्या कार्यालयात सोपवून लुम्फिनी उद्यानात जावे. तिथल्या तळ्याकाठी वृद्ध मंडळी संथ चिनी कवायत करीत असतात, आणि पाण्यातून मनुष्याच्या उंचीच्या घोरपडी अत्यंत निर्विकारपणे वर येऊन हिरवळीवर ऊन खात पडतात; सिंहगडाच्या यशवंतीची कथा ऐकून मोठे झालेल्या मुलांना त्या बघण्यात राजवाड्यापेक्षा अधिक रस वाटण्याचा संभव आहे. सकाळी आठ वाजता आणि सायंकाळी सहा वाजता राष्ट्रगीत वाजते. त्या वेळी उद्यानात पळणारे, स्थानकात धावपळ करणारे, सगळे जिथल्या तिथे उभे राहतात, आपणही राहावे.

राजवाड्यासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवावी. १७६७ साली, म्हणजे आपल्याकडे पानिपताला सहा वर्षे होत असताना, ब्रह्मी सैन्याने अयुथया ही सयामची राजधानी उद्ध्वस्त केली. ताकसिन राजाने नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथे कारभार सावरला, आणि १७८२ साली चक्री घराण्याच्या मूळपुरुषाने, पहिल्या रामाने, पूर्वतीरावर नवे शहर वसवून हा राजवाडा बांधावयास घेतला. द्वार साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला तिकीटविक्री बरखास्त होते. परदेशी माणसाला ५०० बाथ पडतात. खांदे व गुडघे झाकलेले असावेत असा दस्तूर आहे आणि पहारेकरी तो कसोशीने पाळतात. यासाठी जवळ एक पातळ उपरणे किंवा ओढणी ठेवावी, जी इथे खांद्यावर येते, आणि दुपारी थंडगार दुकानसंकुलात शिरल्यावर घामेजलेल्या मानेभोवती घेण्यासही उपयोगी पडते.

आतल्या वाट फ्रा केओ या मंदिरातली पाचूबुद्धाची मूर्ती उंचीने जेमतेम ६६ सेंटिमीटर असून हिरव्या पाषाणाच्या एका अखंड तुकड्यातून घडवलेली आहे. तिच्या उंच आसनामुळे ती आणखीच लहान भासते. या मूर्तीला वर्षातून तीनदा पोशाख चढतो: उन्हाळ्याचा राजालंकार, पावसाळ्याचे एक खांदा उघडा ठेवणारे भिक्षूचे चीवर, आणि तिसऱ्या रामाने नंतर करवलेली, सर्वांग झाकणारी हिवाळ्याची सुवर्णजाळी. हा पालट प्रत्यक्ष राजा, किंवा त्याच्या वतीने राजकुलातील व्यक्ती, आपल्या हाताने करते. बाहेर घाम पुसणारा प्रवासी जर दर्शनाला गेला, तर मूर्तीच्या अंगावरील वस्त्र पाहून राज्याच्या दफ्तरी आज कोणता ऋतू लागला आहे ते त्याला कळते.

घाईचे लोक एवढे पाहून निघतात, आणि या प्रांगणातली मराठी माणसाच्या सर्वांत जिव्हाळ्याची वस्तू त्यांच्याकडून राहून जाते. मंदिराच्या चहूबाजूंनी छप्पर असलेली एक ओवरी फिरते आणि तिच्या भिंतीवर १७८ चित्रचौकटींत संपूर्ण रामकियेन, म्हणजे थायी रामायण, रंगवलेले आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने चालत राहिले की कथा पुढे सरकते, आणि ओवरीला सावली असल्यामुळे दहानंतरचे ऊन कडक होऊ लागले तरी डोके शाबूत राहते. इथला हनुमान शुभ्रवर्णी, रत्नभूषित आणि, सांगण्यास थोडा संकोच वाटतो, पण ब्रह्मचर्याच्या बाबतीत आपल्या समर्थांच्या मारुतीहून फार निराळा आहे. सेतुबंधनाच्या वेळी दगड पळवणाऱ्या रावणकन्या मत्स्यसुंदरीशी तो चक्क प्रणय करतो. एका चौकटीपाशी मात्र अवश्य थांबावे. मैयराप, म्हणजे आपला महिरावण, रामाला पाताळात पळवून नेणार हे कळल्यावर हनुमान आपला देह डोंगराएवढा वाढवतो आणि रामाचा राहुटीवजा मंडप आपल्या तोंडात धरून बसतो. जबड्याच्या आत राम निद्रिस्त आहे, बाहेर वानरसेना पहारा देत आहे, आणि सोनेरी वर्खाच्या रेषा इतक्या बारीक आहेत की नाक भिंतीला लागेपर्यंत पुढे व्हावेसे वाटते. इथे लहान मुलांना कथा सांगण्यात गेलेला अर्धा तास हा संपूर्ण सहलीतला सर्वांत चांगला खर्च झालेला वेळ समजावा.

अकरा वाजता बाहेर पडावे. आता दुसरा प्रहर सरत आलेला असतो आणि याच सुमारास राजवाड्याच्या कोटाबाहेर एक सद्गृहस्थ भेटतो, जो मोठ्या आपुलकीने सांगतो की शेजारचे मंदिर आज विधीनिमित्त बंद आहे, परंतु थोड्या पैशांत टुकटुकमधून दुसरी मंदिरे दाखवण्याची तजवीज होऊ शकेल. मंदिर बंद नसते. टुकटुकचा प्रवास रत्नांच्या किंवा कापडाच्या दुकानापाशी संपतो, आणि चालकाला त्याचा मोबदला तिथून मिळतो. हसून, हात जोडून पुढे चालू लागावे.

दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो आहे. ४६ मीटर लांबीचा शयनमुद्रेतला बुद्ध छताखालीच असल्यामुळे तो दुपारी पाहता येतो. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हे जडवलेली आहेत, आणि पाठीमागच्या भिंतीला लागून ठेवलेल्या १०८ धातुपात्रांत भाविक एकेक नाणे टाकीत जातात तेव्हा त्या दालनात अखंड किणकिणाट चालू असतो. देवळांबाहेरच्या उघड्या फरशा मात्र या वेळी तव्यासारख्या तापतात आणि पादत्राणे काढावी लागतात. खिशात पायमोज्यांचा एक जोड असेल तर पुढचे दोन दिवस पायांना फोड येत नाहीत. तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत या आवारात वैद्यकाचे, शरीरातील वाहिन्यांचे, काव्याचे व नीतीचे ज्ञान शिलापटांवर कोरून सर्वांसाठी खुले करण्यात आले. अंगमर्दनाची जी परंपरा इथे जतन झाली तिची शाळा आजही आवारातच चालते. तिसरा प्रहर घालवण्याची याहून सोयीस्कर जागा मला ठाऊक नाही. तासभर अंग रगडून घ्यावे आणि मग सरळ मुक्कामी जाऊन वामकुक्षी करावी. परदेशात येऊन दुपारी झोपणे हा पुष्कळांना पैशांचा अपव्यय वाटतो. ज्यांना तो तसा वाटतो, ते बहुधा सायंकाळी सात वाजता जांभया देताना आढळतात.

चारनंतर पुन्हा नदीवर यावे. ता तिएनच्या धक्क्यावरून अल्प पैशांत तर पलीकडे नेते, आणि तिथे वाट अरुणचे शिखर उभे आहे. लांबून ते करड्या दगडाचे वाटते, पण जवळ जाताच दिसते की साऱ्या पृष्ठभागावर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे रंगीत तुकडे बसवून फुले आणि वेली केलेल्या आहेत. पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. साडी नेसलेल्या बाईने वर चढताना नव्हे, उतरताना विचार करावा. सूर्य मावळण्याआधी परत पूर्वतीरावर यावे, कारण मावळतीला या शिखराची काळी आकृती त्या बाजूनेच दिसते.

तिसऱ्या दिवशीच्या सकाळी वाट साकेतची सुवर्णटेकडी चढावी. मातीचा सपाट प्रदेश, एकही डोंगर नाही, म्हणून माणसांनी विटामातीने उभी केलेली ही सुमारे ८० मीटरची टेकडी. तीनशेहून अधिक पायऱ्या वळसे घेत झाडांच्या सावलीतून वर जातात. उत्तर प्रदेशच्या सीमेवरील पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ साली सापडलेल्या बुद्धधातूंपैकी काही भाग हिंदुस्थान सरकारने चुलालोंगकोर्न राजाला दिला, तो या चैत्यात आहे. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांच्या यादीत या टेकडीचा क्रमांक राजवाड्याच्याही वर असावयास हरकत नाही. खाली उतरून थोडे चालले की तांबड्या सागवानी खांबांचा उंच झोका आणि त्याच्या समोरच १७८४ साली स्थापलेले देवस्थान लागते. राजदरबारचे ब्राह्मण अजूनही इथून आपली कामे पाहतात. दर मे महिन्यात होणाऱ्या राजनांगरणीच्या विधीत बैलांपुढे भात, मका, तीळ यांपासून मद्यापर्यंत सात वस्तू ठेवून बैल कशाला तोंड लावतो त्यावरून वर्षाचे भविष्य सांगतात, ते यांच्याच देखरेखीखाली.

त्या दुपारसाठी राष्ट्रीय संग्रहालय आहे, पण ते सोमवारी व मंगळवारी बंद असते. तेव्हा वार आधी पाहून ठेवावा. तो वार आलाच तर जिम टॉमसन या अमेरिकन रेशीम-व्यापाऱ्याचे कालव्याकाठचे सागवानी घर पाहावे. हा गृहस्थ १९६७ साली मलेशियातल्या कॅमेरून टेकड्यांत फिरावयास गेला आणि त्याचा आजतागायत पत्ता लागला नाही. सायंकाळ यावरात या चिनी वस्तीत काढावी. तिच्या तोंडाशी वाट त्रायमितमध्ये साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती आहे, जिच्यावरचा चुन्याचा लेप १९५५ साली ती हलवताना फुटला, तोवर ती सोन्याची आहे याचा कोणाला मागमूसही नव्हता.

शाकाहारी माणसाची यावरातमध्ये पंचाईत होते असे सांगतात, ते अर्धेच खरे आहे. भाज्यांतही माशांचा रस, म्हणजे ‘नाम प्ला’, घालण्याची तिथे रीत असल्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. पिवळ्या फडक्यावर लाल रंगात जे अक्षर काढलेले दिसते, आणि जे आपल्याला इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे वाटते, ते हुडकावे. त्याचा उच्चार ‘जे’ असा असून तिथे मांस, मासळी, अंडी तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी आजी तिथे निर्धास्तपणे जेवू शकते. नळाचे पाणी पिऊ नये. शहाळे मुबलक मिळते, आणि मीठ-साखरेच्या पुड्या घरूनच नेलेल्या बऱ्या.

आता जे टाळावे असे मला वाटते त्याविषयी. आपल्याकडच्या सहलींनी बँकॉकला पट्टायाची जी जोड कायमची लावून दिली आहे तिला चार दिवसांच्या मुक्कामात जागा नाही. दीडशे किलोमीटरचे जाणे-येणे, सामानाची दुहेरी बांधाबांध, आणि सहांपैकी किमान दोन वेळांचा बळी. दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार शंभर किलोमीटरवर असून आता तो बराचसा पाहुण्यांसाठीच भरतो. त्याऐवजी लांबशेपटी नौका ठरवून थोनबुरीच्या कालव्यांतून सकाळी तासभर हिंडले, तर लाकडी घरांचे ओटे, दोरीवर वाळणारे कपडे आणि देवळांच्या पायऱ्यांवर माशांना पाव घालणारी मुले बघावयास मिळतात. अयुथयाचा मोह मोठा आहे आणि तो समर्थनीयही आहे. पण ऐंशी किलोमीटरवरच्या त्या विटांच्या अवशेषांत सावली जवळजवळ नाही; जाणाऱ्याने पहाटेची गाडी पकडून दहापर्यंत पाहणे आटोपावे, नाहीतर पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

कागदपत्रांचा बंदोबस्त निघण्यापूर्वी करावा. मे २०२५ पासून आगमनाचे पत्रक संगणकावर भरून द्यावे लागते आणि ते उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावयाचे असते. प्रवेशपरवान्याचे नियम अधूनमधून बदलत असल्याने तिकीट काढण्याआधी दूतावासाचे ताजे निवेदन वाचावे. राजा व राजकुल यांच्याविषयी थट्टेनेही वावगे बोलू नये, तिथला कायदा या बाबतीत कठोर आहे. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, आणि स्त्रियांनी भिक्षूला स्पर्श होऊ देऊ नये.

शेवटच्या दिवशी परतीचे विमान रात्रीचे असल्यास खोली दुपारी बारालाच सोडावी लागते, आणि नेमका तिसरा प्रहर बेघर अवस्थेत काढावा लागतो. म्हणून खरेदी त्या दुपारसाठीच शिल्लक ठेवावी. सियाम स्थानकाभोवतीची दुकानसंकुले थंड आहेत, रेल्वेतून उतरताच दारात आहेत आणि तिथे सामान ठेवण्याचीही सोय होते. पाचच्या सुमारास फाया थायला जाऊन सुवर्णभूमीची विमानतळ-रेल्वे पकडावी. विमान डॉन मुआंगवरून सुटणार असेल, तर तो विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा तिकिटावरचे नाव सकाळीच एकदा नीट वाचून घ्यावे.